पोट्ट्याचं विमान

माझ्या लग्नात मी रडले नाही, हे मांडवातल्या बायकांना फार लागलं. "पोट्टी दगडाची हाये वो," असं एकीनं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलंसुद्धा. आता त्यांना काय सांगणार? मला रडायला सवडच नव्हती. माझा जीव मांडवाबाहेर हमरस्त्याकडे लागला होता. पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी फाटक उघडं टाकलं होतं आणि आमचा कुत्रा कुठे दिसत नव्हता.

आमची राइस मिल भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हमरस्त्याला अगदी लागून. रायपूरकडून नागपूरला जाणारे ट्रक दिवसरात्र समोरून जायचे. आमच्याकडे कुत्रं म्हातारं होऊन कधी मेलं नाही. जी मेली ती त्या रस्त्यावर. प्रत्येकाला बाबांनी स्वतः रस्त्यावरून उचलून आणलं आणि मिलच्या मागे पुरलं. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत आणि कुणाशी बोलायचेही नाहीत. पुन्हा कुत्रं पाळायचं नाही, असं प्रत्येक वेळी ठरायचं आणि पुन्हा एखादं पिल्लू यायचंच.

हा शेवटचा, पिल्लू असताना, मिलमधल्या कोंड्याच्या ढिगात सापडला होता. अंगाचा रंगही कोंड्याचाच. जात गावठी, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवेपर्यंत सगळे त्याला पोट्टा, म्हणजे पोरगा, असंच म्हणायला लागले होते, मग तेच राहिलं. तो इतके दिवस जगला होता त्याचं एकच कारण होतं. मी जिथे असेन तिथे तो असायचा, आणि मी रस्त्यावर जात नव्हते. लग्नाच्या दिवशीही तो शेवटी माझ्याच पाटामागे निजलेला सापडला. मी दिल्लीला गेल्यावर तो मला शोधत पहिल्यांदा कुठे जाईल, हे मला डोळे मिटले की दिसायचं.

म्हणून मी लग्नाआधीच अट घातली होती. मला पाहायला आले तेव्हा दिल्लीला सरकारी नोकरीत असलेल्या त्या सभ्य गृहस्थाला मी स्पष्ट सांगितलं की माझ्याबरोबर कुत्रा येईल. त्यांना तो विनोद वाटला. हसून हो म्हणाले. विनोद नव्हता हे कळलं तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. बिचारे शब्दाला जागले, हे मात्र खरं.

लग्न आटोपून ते कामावर रुजू व्हायला पुढे गेले. मी मागून जायची होते. कुत्रा आगगाडीनं न्यायचा तर गार्डच्या डब्यात लोखंडी पेटी असते, त्यात कोंबून न्यावा लागायचा. लाखनीच्या आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी मागच्या उन्हाळ्यात असाच कुत्रा नेला होता. पोचल्यावर पेटी उघडली तर आत जिवंत कुत्रा नव्हता, नुसतं त्याचं कातडं निजलं होतं, असं ते सांगायचे. ते ऐकल्यापासून मी हट्टच धरला की न्यायचा तर विमानानं. आमच्या गावात तोवर माणूससुद्धा विमानात बसलेलं नव्हतं. "गावठी कुत्रं इमानात!" म्हणून लोक पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "नेऊ दे तिले. इथं तो राहाचा नाही."

भंडाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा सगळा जन्म बैल आणि म्हशीत गेलेला. तरी त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. नागपूरला कुणाकुणाला विचारून त्यांनी मला नीट सांगितलं. पेटीत त्याला उभं राहता आलं पाहिजे आणि पूर्ण फिरता आलं पाहिजे. चारी बाजूंनी हवा हवी. आदल्या दिवसापासून खाणं हलकं, सकाळी काहीच नाही, पाणी मात्र द्यायचं. आत साखळीनं बांधायचं नाही, गळफास बसतो. पेटी आधीपासून घरात ठेवायची, म्हणजे ती त्याला आपली वाटते. आणि एक गोष्ट त्यांनी बोट उगारून सांगितली. "झोपीचं औषध भुलूनही नोको देऊ बाई. वर गेल्यावर त्याचा श्वास मंदावला तर पाहाले कोणी नाही तिथं."

हे शेवटचं वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. पाहाले कोणी नाही तिथं. भात कालवताना, केस विंचरताना, कुणी हळद-कुंकवाला बोलावलं तर तिथेही ते ऐकू यायचं.

पेटी आमच्या खाचरं, म्हणजे छोट्या बैलगाड्या, बनवणाऱ्या सुतारानं केली. त्याला नाजूक काम ठाऊकच नव्हतं. सागाच्या पट्ट्या, मध्ये चार बोटांची फट, दाराला लोखंडी जाळी. बैल पाठवला असता तरी टिकली असती. पोट्ट्यानं ती पाहिली आणि शेपूट पायात घालून कपाटाखाली गेला. मग मीच तिच्यात डोकं घालून बसायला लागले. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती आणि नवी नवरी कुत्र्याच्या पेटीत अर्धी शिरलेली, हे पाहून आईनं कपाळावर हात मारला. हळूहळू तो भाकरीच्या तुकड्यासाठी आत यायला लागला, मग दुपारी आतच निजायला लागला. माझी जुनी साडी आत अंथरली होती. तो गाढ झोपला की मी त्याच्या बरगड्या वरखाली होताना पाहात बसायचे. एखादा श्वास लांबला की माझाही थांबायचा.

आईचं म्हणणं साधं होतं. "गोळी देऊन दे. झोपला का पोचला. त्याले बी भेव नाही अन् तुले बी नाही."

"डॉक्टर नाही म्हणते."

"डॉक्टरले काय समजते? लेकरं नाही का झोपवत आपण गाडीत?"

तिच्या डब्यात तिच्या स्वतःच्या झोपेच्या गोळ्या होत्या. मी तो डबा लपवला, तिनं तो शोधून काढला. मी पुन्हा लपवला. निघायच्या दिवसापर्यंत मी पोट्ट्याला माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खाऊ दिलं नाही. आईचा मला राग यायचा आणि भीतीही वाटायची, कारण तिचं त्याच्यावर खरोखर प्रेम होतं. प्रेमानं माणूस काय करून बसेल याचा नेम नसतो.

आमच्याकडे आणखी एक रीत होती, ती सांगायला हवी. तांदळाच्या धंद्यातलं घर, त्यामुळे आमच्या घरून बाहेर जाणारी कुठलीही वस्तू बारदान्यात, म्हणजे गोणपाटात, शिवल्याशिवाय जात नसे. तांदळाचं पोतं तर सोडाच, लोणच्याची बरणीसुद्धा. लेक सासरी जाते तेव्हा तिची लोखंडी पेटी नव्या कोऱ्या बारदान्यात घालायची, दाभणानं सुतळीचे जवळजवळ टाके घालायचे आणि वर निळ्या रंगानं सासरचा पत्ता लिहायचा. उघडी पेटी पाठवणं म्हणजे लेकीला वाऱ्यावर सोडणं. माझी पेटी अशीच शिवून मालगाडीनं पुढे गेली होती. मिलमध्ये पोती शिवणारे एक म्हातारे हमालकाका होते, ते काम त्यांचंच.

निघायचा दिवस वैशाखातला. पहाटे मिलचा मेटाडोर काढला. पेटी मागे, पेटीला टेकून मी, पलीकडे बाबा आणि हमालकाका, पायाशी काकांचा नेहमीचा झोळा, दाभण-सुतळी, रंगाची डबी आणि कोरं बारदान घातलेला. आई दारातच थांबली. मी तिला नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी तं नाही ना देली?" ती रागानं आत निघून गेली. नवी नवरी घर सोडताना आईला हे विचारते! पण मला दुसरं काही सुचतच नव्हतं. तिनं नाही म्हटलं नव्हतं, हे मात्र नागपूर येईपर्यंत डोक्यात घुमत राहिलं.

नागपूरच्या विमानतळावर कळलं की विमान उशिरा येणार आहे. सकाळचं थंड विमान म्हणून ते निवडलं होतं, आणि आता ऊन चढायला लागलं. पेटीचं वजन झालं, चिठ्ठी चिकटली, एका लोखंडी छपराखाली तिला ठेवायला सांगितलं. मी जाळीतून हात घालून त्याला पाणी पाजलं. त्यानं माझी बोटं चाटली. माझी झडती घ्यायला आत बोलावलं तेव्हा मी बाबांना दहादा बजावलं, "सावलीत ठेवजा. पाणी देजा. काही खाऊ नोका घालू." बाबांनी मान हलवली. मी वळले आणि मागून तो ओरडला. भुंकला नाही. एक लांबलचक, माणसासारखा सूर काढला. मी कान दाबून आत गेले.

त्या वर्षांत विमानं पळवायच्या भीतीनं एक पद्धत होती. सगळं सामान विमानाशेजारी उन्हात मांडायचे आणि प्रत्येकानं जाऊन आपापलं ओळखायचं. ओळखलं तेवढंच वर चढायचं. बोलावणं आल्यावर आम्ही रांगेनं बाहेर आलो. डांबरातून वाफा निघत होत्या. बॅगांची एक लांब ओळ होती. लोक आपापल्या बॅगेला हात लावून पुढे जात होते.

माझी बॅग सापडली. पेटी नव्हती.

मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पट्ट्यांची पेटी कुठेच नव्हती. छपराखालीच राहिली की दुसरीकडे गेली, काही कळेना. मग ओळीच्या शेवटी मला एक मोठं चौकोनी पार्सल दिसलं. नवं कोरं बारदान. जवळजवळ घातलेले सुबक टाके. वर निळ्या रंगात ओल्या अक्षरांत माझ्या नवऱ्याचं नाव आणि दिल्लीचा पत्ता. रंग उन्हात खाली ओघळत होता.

मला ते समजायला वेळ लागला. इतक्या ओळखीची वस्तू होती ती, की आधी नुसतं घरच आठवलं. आणि मग त्या पार्सलच्या आतून खरवडल्याचा आवाज आला. अगदी हलका. एकदाच.

मी रांग सोडून धावले. मागून शिपाई ओरडला, मी थांबले नाही. टाके ओढले, ते हलले नाहीत. हमालकाकांच्या हाताचे टाके, चाळीस कोसांवर गेलेल्या पोत्यातून दाणा न सांडू देणारे. दातांनी सुतळी धरली. ताग तोंडात आला, सुतळी तुटेना. "चाकू द्या कोणी!" मी ओरडले, पण झडती झालेल्या माणसांकडे चाकू कुठून असणार? लोक माझ्याकडे पाहात होते. हिरवा चुडा, नवी साडी, आणि बाई पोतं चावते आहे. मी दोन्ही हातांनी बारदान ओढायला लागले आणि मनगटावरच्या चार-पाच बांगड्या खळकन फुटल्या.

नव्या नवरीचा चुडा फुटणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या एका क्षणात दोन्ही भीती एकमेकींत मिसळल्या. आत कुत्रा गेला आणि तिकडे दिल्लीत यांना काहीतरी झालं, असं मला खरंच वाटलं. पण हात थांबले नाहीत. काचेचा तुकडा उचलला आणि त्यानं सुतळी कापायला लागले. बोटं कापली, रक्त आलं, पण सुतळीचा एक धागा तुटला, मग दुसरा. तोवर सामान चढवणाऱ्यांपैकी एकजण कुठूनतरी आकड्यासारखं काहीतरी घेऊन आला आणि त्यानं उरलेलं बारदान टर्रकन फाडलं.

त्या गडबडीत मी एकदा वर पाहिलं. लांब, निरोप द्यायला आलेल्या लोकांच्या कठड्याशी बाबा उभे होते. मी हात हलवते आहे असं त्यांना वाटलं असावं. ते खांद्यावरचा दुपट्टा काढून जोरजोरात हलवत होते.

पोट्टा आडवा पडला होता. डोळे अर्धे उघडे, जीभ बाहेर, साडीवर लाळेचं थारोळं. मी हाक मारली, कान हलला नाही. आईनं गोळी दिली, हाच विचार पहिला आला. वरून बारदान्याचा कोंडमारा आणि पोटात गोळी, संपलं सगळं. मी जाळी उघडून छातीवर हात ठेवला. खाली काही हलतंय की नाही, ते कळेना. "पानी डालो, पानी," असं तो फाडणारा माणूस म्हणाला आणि त्यानं स्वतःची बाटली त्याच्या डोक्यावर, पोटावर, पंजांवर रिकामी केली. मी पदरानं वारा घालत होते आणि मोठमोठ्यानं बडबडत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. मग त्याच्या पोटाला एक हिसका बसला, बरगड्या वर आल्या आणि तो धापा टाकायला लागला. भराभर, वेड्यासारखा. एवढं सुंदर काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

एक अधिकारी आले. ते रागावलेले होते, आणि रागावण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पेटी घेतली तेव्हा उघडी होती, ही शिवाशिवी कुणी केली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरच्यांनी." त्यांनी सांगितलं की आता तुम्हीच ठरवा, न्यायचा की ठेवायचा. विमान थांबणार नाही.

ठेवायचा म्हणजे हमरस्ता. न्यायचा म्हणजे खाली अंधारात, पाहाले कोणी नाही तिथं. पोट्टा उठून बसला होता, पण डोकं डुलत होतं. मी विचारलं, खाली हवा असते का? असते, ते म्हणाले, आणि खाली जनावर आहे हे वैमानिकांना सांगून ठेवतो. मी त्याला आणखी पाणी दिलं, तो प्याला. आपण होऊन प्याला, म्हणून मी हो म्हटलं. आईनं गोळी दिली होती का, ते मला कधीच कळलं नाही, आणि आजही मला खात्री नाही की ते बरोबर होतं. मी नुसती कमी भीतीची बाजू धरली, आणि ती कमी होती असंही नाही.

लोक पहिल्या विमानप्रवासाचं वर्णन करतात, ढग आणि काय काय. मी ढग पाहिले नाहीत. चपला काढून तळवे जमिनीला टेकवून बसले होते, कारण तो त्या जमिनीखाली होता. विमान हादरलं की मला वाटायचं, पेटी घसरली. थंड वारा लागला की वाटायचं, खाली किती गार असेल, आणि आपण त्याला ओला केलाय. हवाईसुंदरीनं बोटांना पट्टी बांधली आणि विचारलं, पहिल्यांदा जाताय का? मी म्हटलं, खाली कुत्रा आहे. तिला काही उलगडलं नसावं, पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दिल्लीला सगळ्यांचं सामान आलं आणि पेटी आली नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. शेवटी एका बाजूच्या दारातून दोघं पेटी घेऊन आले. फाटक्या बारदान्याच्या चिंध्या अजून तिला लोंबत होत्या. आत तो उभा होता. चारी पायांवर उभा. मी जाळी उघडली, तो बाहेर आला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि राजधानीच्या पहिल्याच खांबावर त्यानं पाय वर केला. माझे यजमान, फुलांचा गुच्छ हातात धरून, ते पाहात होते. मी आधी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. धडधाकट होते. मग माझ्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि गुच्छ कुणाला द्यावा ते त्यांना समजेना.

दुसऱ्या दिवशी मिलच्या फोनवर ट्रंककॉल लावला. मी रात्रभर भाषण तयार करून ठेवलं होतं. बाबांचा आवाज आला आणि मी सुरूच झाले. "बाबा, जिवंत जनावर हाये ते, तांदूळ नोहोय! उघडं पाठवणं वाईट दिसते म्हणून त्याले मारून टाकत होते तुमी? रीत म्हणजे काय जिवापेक्षा मोठी हाये?"

बाबांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "रीत-बीत काही नोहती."

"मंग काहून शिवलं?"

"तू आत गेली ना बाई, तो रडाले लागला. मी होतो तिथंच. माह्याकडं पाहून राहिला होता. एकटक. मी तोंड फिरवलं का अजून रडे. मले पाह्यवलं नाही. म्हणून काकाले म्हटलं, झाका त्याले."

माझं तयार भाषण अजून निम्मं उरलं होतं.

"आता खाते का तो?" बाबांनी विचारलं.

"खाते," मी म्हटलं. त्यानं अजून घासाला तोंड लावलं नव्हतं.

"अन् तू?"

त्या साऱ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारायला कुणाला जागा ठेवली नव्हती. परक्या गावातल्या त्या फोनच्या खोलीत मी उभी होते. बाहेर माझा नवरा आणि पोट्टा एकमेकांकडे संशयानं पाहात बसले होते.

"मले भेव लागते, बाबा."



"मले बी," बाबा म्हणाले.